सही खरी, माल खोटा

सबमिशनचा आठवडा आठवून पाहा. लॅबबाहेर लांबलचक रांग, प्रत्येकाच्या छातीशी धरलेलं जर्नल, आत टेबलावर वह्यांचा ढीग आणि सरांच्या हातात लाल पेन. पान उलटतं, सही होते. पुन्हा पान उलटतं, पुन्हा सही होते. पानावर काय लिहिलंय ते वाचायला वेळ कुणाला आहे? बहुतेक कॉलेजांत एक दंतकथा असतेच. कुणीतरी म्हणे पैजेवर सातव्या प्रयोगाच्या मधोमध बटाटेवड्याची कृती लिहिली होती आणि तिच्याखालीही तारखेसकट सही पडली. खरं-खोटं कोण जाणे. पण ऐकताना आपण खो-खो हसतो, कारण असं होऊ शकतं यावर आपला पुरता विश्वास असतो.

आता या कथेत थोडा बदल करा. जर्नलच्या जागी सॉफ्टवेअरची फाइल ठेवा, सरांच्या जागी कंपनीची यंत्रणा आणि बटाटेवड्याच्या जागी हेरगिरीचा प्रोग्राम. सही मात्र तशीच राहू द्या, अस्सल आणि तारखेसकट. २०२० साली अमेरिकेत हे खरोखर घडलं. तेव्हा कुणालाही हसू आलं नाही.

त्या घटनेकडे येऊच. आधी ही सही म्हणजे काय, ते पाहू. कारण तुमच्यातले बरेच जण दोन-चार वर्षांत अशा सह्या करणाऱ्या टीममध्ये बसलेले असणार आहेत.

तुम्ही ही सही पाहिली आहे

ई-आधारची पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडली की एका कोपऱ्यात पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही तपासून घेतली की त्या जागी हिरवी टिक येते. गावाकडे बाबांनी ऑनलाइन काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आठवतोय? किंवा सीएच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेला, पेनड्राइव्हसारखा दिसणारा डीएससी टोकन? आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली, आणि हे सगळं त्यातूनच आलं. सॉफ्टवेअरच्या फाइलवर होणारी सही याच कुळातली आहे. तिला कोड सायनिंग म्हणतात.

ती होते कशी? कंपनीने तयार केलेली फाइल आधी एका गणिती चरकातून जाते आणि तिचा ठसा निघतो. या ठशाला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली, तर फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची, ठसा कायम ६४ अक्षर-अंकांचाच निघतो. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. मग या ठशावर कंपनी आपल्या प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त तिच्याकडेच असलेल्या गुप्त किल्लीने, सही करते. तिची जोडकिल्ली, म्हणजे पब्लिक की, सगळ्यांना दिलेली असते. फाइल तुमच्या मशीनवर पोचली की तुमचं मशीन स्वतः नव्याने ठसा काढतं आणि पब्लिक कीने सही तपासतं. दोन्ही जुळलं तर फाइल आत, नाहीतर दारातच थांब.

पण ही पब्लिक की खरोखर त्याच कंपनीची आहे, हे कुणी सांगायचं? त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था असतात. त्या कंपनीची कागदपत्रं तपासतात आणि 'ही किल्ली यांचीच' असं प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्र नसलेलं सॉफ्टवेअर विंडोजवर टाकायला गेलात की 'अननोन पब्लिशर' अशी सूचना येते. आपण बहुतेक वेळा ती न वाचताच 'येस' दाबतो, हा भाग निराळा.

घरच्या कॉम्प्युटरवर निदान 'येस' दाबणारं कुणीतरी असतं. मोठ्या कंपनीत तेही नसतं. बँक, रुग्णालय, बंदर, विमा कंपनी अशा ठिकाणी हजारो मशीन असतात आणि रात्री दोन वाजता अपडेट आपोआप येतं. सही जुळली की ते आपोआप बसतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पास बघतो आणि गाडी सोडतो, तसंच. डिकी उघडून बघत नाही.

तीन प्रकारे फसलेली सही

पिशवीबंद दुधाचं उदाहरण घ्या. डेअरीने पिशवी सील केली, म्हणजे वाटेत कुणी पाणी घातलं तर कळायला हवं. सहीचं काम एवढंच. पिशवी कुठल्या डेअरीची आणि सील झाल्यावर कुणी हात लावला का, या दोनच प्रश्नांची उत्तरं ती देते. दूध चांगलं आहे की नाही, हे ती सांगत नाही. हे विसरलं की काय होतं, ते पुढच्या तीन घटनांत दिसतं.

पहिली घटना २०१० ची. इराणमध्ये नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण प्रकल्पातल्या यंत्रांना लक्ष्य करणारा 'स्टक्सनेट' नावाचा व्हायरस उघडकीला आला. त्याच्या फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन नामांकित कंपन्यांची सही होती. तुमच्या लॅपटॉपमधली साउंड चिप कदाचित रिअलटेकचीच असेल. त्या कंपन्यांनी हा व्हायरस लिहिलेला नव्हता. त्यांच्या किल्ल्या चोरून वापरल्या गेल्या होत्या. सही बघून विंडोजने त्या फाइलींना ओळखीचा पाहुणा समजून आत घेतलं. म्हणजे इथे शिक्काच चोरीला गेला होता.

दुसरी घटना म्हणजे सुरुवातीला सांगितलेली २०२० ची. सोलरविंड्स ही टेक्सासमधली कंपनी. तिचं 'ओरायन' हे सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांच्या नेटवर्कवर लक्ष ठेवतं. हल्लेखोरांनी किल्ली चोरायची तसदीच घेतली नाही. सॉफ्टवेअर जिथे बांधलं जातं, त्या बिल्ड मशीनवर त्यांनी एक छोटा प्रोग्राम दडवून ठेवला. 'ओरायन'चं बिल्ड सुरू झालं की तो एक सोर्स फाइल गुपचूप बदलायचा आणि बिल्ड संपलं की मूळ फाइल परत जागेवर ठेवायचा. डेव्हलपरने कोड उघडून पाहिला तर सगळं स्वच्छ! तयार झालेल्या फाइलवर मात्र चोराने घातलेला कोड, आणि त्यावर कंपनीची स्वतःची, खरीखुरी सही. डेअरीतच, सील होण्याआधी, भेसळ झाली होती.

मार्च ते जून २०२० या काळात निघालेली ही अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेली. आत शिरल्यावर तो कोड जवळपास दोन आठवडे निपचित पडून राहायचा आणि मग हळूच बाहेर संपर्क साधायचा. त्यातून प्रत्यक्ष घुसखोरी झाली ती निवडक ठिकाणी. अमेरिकी सरकारच्याच हिशेबानुसार नऊ केंद्रीय संस्था आणि सुमारे १०० खासगी कंपन्यांत. अर्थखातं आणि अंतर्गत सुरक्षा खातंही त्यातून सुटलं नाही. पुढे अमेरिकेने रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर संस्थेवर याचा ठपका ठेवला.

तिसरी घटना ताजी आहे, मार्च २०२४ ची. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये 'एक्सझेड' नावाचं फाइल लहान करणारं एक छोटं साधन असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. 'जिया टॅन' हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं नेटाने मदत केली, विश्वास कमावला आणि प्रकल्पाच्या किल्ल्या हातात आल्यावर नव्या आवृत्तीत चोरवाट ठेवून दिली. तिच्यावर सही होती जिया टॅनचीच आणि नियमाप्रमाणे ती अगदी योग्य होती. या वेळी शिक्का मारणाराच खोटा होता.

किल्ली चोरीला गेली, माल आधीच बदलला, सही करणारा लबाड निघाला. तिन्ही वेळा गणित अचूक होतं. चूक गणिताच्या अलीकडे, माणसांच्या आणि कामाच्या शिस्तीत होती.

पकडलं कुणी?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सोलरविंड्सचा प्रकार कुठल्या सरकारी यंत्रणेने उघडकीला आणला नाही. फायरआय या सुरक्षा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर दुसरा फोन नोंदला गेल्याचं तिथल्या टीमला दिसलं. त्यांनी त्याला सरळ फोन करून विचारलं, 'हा फोन तुझा का?' तो म्हणाला, 'नाही.' तिथून धागा सुटत गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये सगळं जगासमोर आलं.

एक्सझेडचंही तसंच. आन्द्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर भलत्याच गोष्टीची चाचणी करत होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! तुमच्या-माझ्यासारख्याने वायफायला शिव्या देऊन विषय सोडून दिला असता. तो खणत गेला आणि त्यामुळे ती चोरवाट बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच बंद झाली.

दोन्हीकडे सही हिरवी टिक दाखवत होती. वाचवलं ते टिक दिसल्यावरही पुढचा प्रश्न विचारणाऱ्या माणसांनी.

याच्याशी आपला काय संबंध?

'हे सगळं अमेरिकेत आणि इराणमध्ये, आपल्याला काय?' असं वाटत असेल तर जून २०१७ आठवा. युक्रेनमध्ये हिशेब आणि कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं, एमईडॉक. त्याची अपडेटची वाट हल्लेखोरांनी काबीज केली आणि तिथून 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम सोडला. मार्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोसळली आणि आपल्या न्हावा शेव्यात, जेएनपीटी बंदरात, मार्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. कीव्हमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं एक अपडेट आणि उरणच्या वेशीवर अडकलेले कंटेनर! मार्स्कने स्वतःचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं सांगितलं होतं.

संबंधाची दुसरी बाजू आणखी जवळची आहे. हिंजवडी, खराडी, ऐरोली, नागपूरचं मिहान इथल्या ऑफिसांतून जगभरच्या बँकांचं आणि दुकानांचं सॉफ्टवेअर बांधून पाठवलं जातं. तिथे लागणारा फ्रेशर अनेकदा याच कामाला लावला जातो : बिल्ड चालव, रिलीज काढ, अपलोड कर. शुक्रवारी संध्याकाळी सहाला क्लायंटचा फोन येतो, मॅनेजर म्हणतो 'आज गेलंच पाहिजे', आणि सायनिंगचा पासवर्ड टीमच्या चॅट ग्रुपवर टाकला जातो. त्या क्षणी काय करायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. क्रिप्टोग्राफीच्या पेपरात आरएसएचं गणित येतं, दोन प्राइम नंबर घेऊन आपण ते सोडवतो आणि दहापैकी आठ मार्क घेतो. किल्ली कुठे ठेवायची, कुणाच्या हातात द्यायची, सही करण्याआधी काय तपासायचं, यावर मात्र एकही प्रश्न येत नाही.

खरं तर उद्योगाने काही धडे घेतले आहेत. १ जून २०२३ पासून नियमच झाला की कोड सायनिंगची प्रायव्हेट की साध्या फाइलमध्ये ठेवायची नाही. ती टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच हवी, म्हणजे कॉपी करून नेता येणार नाही. सोलरविंड्सने एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या यंत्रणांवर स्वतंत्रपणे बांधून निकाल ताडून पाहायला सुरुवात केली. चोराला आता एक नाही, सगळ्या जागा एकदम फोडाव्या लागतील. डेबियनसारखे मुक्त प्रकल्प तर अनेक वर्षं याच विचाराच्या मागे आहेत : त्याच कोडपासून कुणीही, कुठेही बांधलं तरी तीच फाइल, अगदी बिटसकट, निघाली पाहिजे. आपल्या सर्ट-इननेही २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये काय काय घटक आहेत याची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिस्किटाच्या पुड्यामागे घटक पदार्थ छापतात ना, तसंच.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. प्रमाणपत्राला पैसे पडतात, टोकन सांभाळायचं झंझट असतं, प्रत्येक रिलीजला दोघांची मंजुरी घ्यायची म्हणजे काम रेंगाळतं. चार मित्रांच्या स्टार्टअपला हे परवडेल का? आक्षेप खरा आहे. पण मुक्त सॉफ्टवेअरसाठी 'सिगस्टोअर'सारखी मोफत सोय २०२१ पासून आली आहे, आणि दुसऱ्याने एकदा नजर टाकायला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, हे कबूल. तो वेळ वाया जात नाही, तोच सहीचा अर्थ आहे. न वाचता झटपट करायची असेल तर सहीपेक्षा रबरी शिक्का बरा. निदान त्याला कुणी जबाबदार माणूस समजत नाही.

आजपासून करता येईल असं

नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड अॅप बनवलंय? त्याची कीस्टोअर फाइल आणि पासवर्ड कोडबरोबर गिटहबवर चढवलाय का, ते आत्ता जाऊन बघा. ती किल्ली ज्याच्या हाती लागली, तो तुमच्या नावाने अपडेट सही करू शकतो. गिटमध्ये कमिट करताना नाव आणि ईमेल आपणच लिहितो, ते कुणी तपासत नाही. ग्रुपमधल्या मित्राच्या नावावर कमिट टाकण्याची मस्करी तुम्ही केलीही असेल. कमिटवर सही करायला शिका, म्हणजे तुमच्या कामापुढे 'व्हेरिफाइड' दिसेल आणि ते तुमचंच असेल. लिनक्सची आयएसओ उतरवून घेतलीत तर साइटवर दिलेला हॅश एकदा जुळवून बघा. एका कमांडचं काम आहे.

आणि घरच्यांना एक गोष्ट समजावून सांगा. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून जी एपीके फाइल येते ना, तिच्यावरही सही असते! अँड्रॉइडवर सहीशिवाय अॅप बसतच नाही. पण ती किल्ली चोराने घरी बसून स्वतःच बनवलेली असते. तेव्हा 'फोनने तर काही म्हटलं नाही' हे कारण पुरेसं नाही. सही आहे का, एवढं विचारून थांबू नका. कुणाची आहे, आणि तो माणूस आपल्याला लग्नाला का बोलावतोय, हेही विचारा.

मराठीत आपण एखादी गोष्ट आवडली की 'सही!' म्हणतो. सही म्हणजे बरोबर, आणि सही म्हणजे स्वाक्षरीही. एकाच शब्दात हे दोन अर्थ शेजारी राहतात म्हणून आपण गाफील होतो आणि स्वाक्षरी दिसली की बरोबरच असणार असं धरून चालतो. कोड लिहिणाऱ्यांनी तरी हे दोन अर्थ वेगळे ठेवायला हवेत.

तेव्हा या टर्मला जर्नल घेऊन रांगेत उभे राहाल, तेव्हा एक धाडस करून बघा. सरांना किंवा मॅडमना म्हणा, 'एकच पान वाचा आणि मग सही करा.' रांगेतले मित्र मागून शिव्या घालतील, सर चष्म्यावरून बघतील, कदाचित तुमच्या रीडिंगमधली चूकही सापडेल आणि प्रयोग परत लिहावा लागेल. लिहा. काही वर्षांनी त्या टेबलाच्या पलीकडे तुम्ही बसलेले असाल, समोर शुक्रवारचं रिलीज असेल आणि टोकन तुमच्या हातात असेल.